शब्दावर सोडलेली

शुक्रवारच्या ओहोटीला एलिन बर्केट लँकेस्टरच्या तुरुंगातून घरी आली ती एकटीच. वाटाड्या तेवढा पुढे; बरोबर शिपाई नाही, पायात बेडी नाही. तुरुंगाच्या अधिकाऱ्याने फाटकापाशी तिला विचारलं होतं, "परत कधी?" ती म्हणाली होती, "सोमवारी, अंधार पडायच्या आत." तेवढ्यावर त्याने दार उघडलं. बाकीच्या कैद्यांसाठी त्याच्याकडे साखळ्या होत्या आणि दोन कुत्री होती. क्वेकर पंथाच्या कैद्यांना नुसतं विचारलं की भागायचं. राजाशी इमानाची शपथ घ्यायला नकार दिला म्हणून ज्यांना आत कोंडलं, त्यांचा साधा शब्द इतरांच्या शपथेपेक्षा पक्का निघतो, हे त्याला अनुभवाने कळलं होतं. त्यातली गंमत मात्र त्याच्या ध्यानात कधी आली नसावी.

अट एकच. एका वेळी एकाने जायचं. तो परतला की पुढच्याची पाळी. एलिननंतर अँथनी गार्नेट जाणार होता. सत्तरीचा विणकर, बायको अंथरुणाला खिळलेली. निघताना त्याने एलिनचा हात हातात घेतला होता आणि "सावकाश ये" असं म्हणाला होता. घरी आल्यावर पहिल्याच रात्री तिने हे नवऱ्याला सांगितलं. माइल्स बर्केटला पुढे कुठलीही सबब सांगता आली नाही ती यामुळे. त्याला सगळं माहीत होतं.

शनिवारी त्यांच्याच कोठारात त्यांच्या थोरल्या मुलीचं, टॅमरचं लग्न लागलं. पाद्री नाही, अंगठी नाही. तासभर सगळे गप्प बसले, मग मुलगा आणि मुलगी उठून उभे राहिले, एकमेकांना वचन दिलं आणि पन्नास जणांनी कागदावर सह्या केल्या. एलिनने मुलीशेजारी बसून सही केली. मुलीच्या बापाने दाराजवळच्या शेवटच्या बाकावरून उठून येऊन केली. त्याची जागा तीच होती.

तीन वर्षांपूर्वी नवराबायको दोघांनाही न्यायाधीशासमोर उभं केलं होतं. एलिनपुढे बायबल धरलं तेव्हा ती म्हणाली, "याच पुस्तकात लिहिलंय, शपथ घेऊ नका. माझं हो म्हणजे हो." माइल्सपुढे धरलं तेव्हा त्याला पाळण्यातली धाकटी हेस्टर दिसली, दुभत्या सहा गाई दिसल्या. त्याने वाकून पुस्तकाचं चुंबन घेतलं आणि घरी आला. ती आली नाही. तेव्हापासून मित्रांनी, म्हणजे ज्यांना जग क्वेकर म्हणतं त्यांनी, त्याला जा म्हटलं नाही की पुढे ये म्हटलं नाही. चर्चमध्ये जायला त्यालाच तोंड नव्हतं. ना घरचा ना घाटचा असा तो तीन वर्षं मागच्या बाकावर बसत होता.

"तुला माझा राग येत नाही?" त्याने त्या पहिल्या रात्री विचारलं होतं.

"तू शपथ घेतलीस, माइल्स. खोटं नाही बोललास. वीस वर्षांत तुझ्या तोंडून मी खोटं ऐकलेलं नाही." एवढं बोलून तिला खोकला आला आणि तो बराच वेळ थांबेना.

रविवारी दुपारी चर्च सुटल्यावर माइल्सचा मोठा भाऊ किट आणि विधवा बहीण जेनेट जेवायला आले. क्वेकरांच्या लग्नाला येणं किटला शक्यच नव्हतं, तो चर्चचा कारभारी होता. पण लग्नाच्या दुसऱ्या दिवशीच्या मटणाबद्दल धर्मशास्त्रात काही लिहिलेलं नाही, असं त्याने दारातूनच जाहीर केलं. टॅमरही नवऱ्याला त्याच्या घरी ठेवून आईसाठी आली होती.

जेवणाआधी एलिन नेहमीप्रमाणे डोळे मिटून गप्प बसली. सगळ्यांना बसावं लागलं. रस्सा निवत चालला.

"झालं का गं? देवाला कळलं असेल एव्हाना," किट म्हणाला.

"देवाला लगेच कळतं, किट. आपल्याला वेळ लागतो."

"एवढी गप्प बसतेस, मग आमच्या चर्चमध्ये येऊन पाद्रीसमोर गप्प का नाही बसलीस? तेव्हा तुझ्या देवाने तुझ्या तोंडाला कुलूप घातलं असतं तर न्यायाधीशाच्या नजरेत आली नसतीस, आज घरात असतीस."

"घालायचा प्रयत्न तू केलास की." एलिन हसली. त्यात विष नव्हतं, आणि किटला तेच सोसत नसे. सात वर्षांपूर्वी प्रवचन संपल्यावर ती भर चर्चमध्ये उभी राहिली होती आणि पाद्रीला विचारलं होतं, 'हे तू स्वतः अनुभवलंस की नुसतं वाचून विकतोस?' लोक अंगावर धावले होते. किटने तिला दंडाला धरून फरफटत बाहेर काढलं होतं. तो उजवा हात अजून खांद्याच्या वर जात नव्हता. आत्ताही हेस्टरला उचलून घ्यायला ती वाकली आणि तिला एकाच हाताने जोर लावता आला. हेस्टर मात्र अंग चोरून आत्याच्या झग्यामागे गेली.

"ती बाई कधी जाणार?" चार वर्षांच्या मुलीने आत्याला विचारलं. हळू विचारायचं वय नव्हतं ते.

"उद्या जाणार हं बाळा," एलिननेच सांगितलं. मग म्हणाली, मी थोडी पडते, आणि वरच्या खोलीत गेली. जिन्यावर ती दोनदा थांबली. खाली चौघंही तिचे श्वास मोजत राहिली.

टॅमरने एप्रनच्या खिशातून एक फडकं काढून टेबलावर ठेवलं. त्यावरचं रक्त सुकून तपकिरी झालं होतं. "सकाळी उशाखाली सापडलं. ती धुवायला नेत होती, मी आधी उचललं."

"आत परत गेली तर उन्हाळा बघणार नाही ही," जेनेट म्हणाली. "मला ती कधी आवडली नाही, हे काही लपून नाही. घर सोडून धर्म सांगत हिंडणारी बाई. पण म्हणून काय मरू द्यायचं?"

किटने आवाज उतरवला. "न्यायाधीशसाहेबांशी बोलणं झालंय माझं. ती परत गेली नाही तर ते कुणाला धाडणार नाहीत. आतमध्ये तापाची साथ आहे, एक कैदी कमी झाला तर त्यांना हवंच आहे."

"आणि ते हे फुकट करतायत?" माइल्सने विचारलं.

किट थोडा घुटमळला. "क्वेकर बाईने शब्द मोडला, एवढं त्यांना बाजारात ओरडून सांगता येईल. त्यांना ते पुरे आहे. सांगू देत की! लोक आठ दिवस बोलतील आणि विसरतील. ती जिवंत राहील."

"ती थांबणार नाही, दादा. पाया पडलो तरी थांबणार नाही."

"तिला थांब म्हणायचंच नाही. वाळू बंद आहे म्हणायचं."

 लँकेस्टरची वाट खाडीच्या वाळूवरून. ओहोटीला चार तास मोकळी असते आणि वाटाड्याशिवाय तिथे पाऊल टाकणं म्हणजे मरण. वळसा घालून रस्त्याने जायचं तर धडधाकट माणसाला दोन दिवस लागतात. नदीने पात्र बदललं की वाटाड्या एखादा दिवस कुणाला नेत नाही, हेही नेहमीचंच.

"मी सांगितलं तर ती स्वतः किनाऱ्यावर जाऊन बघून येईल," किट म्हणाला. "जेनेटने सांगितलं तरी तेच. तू सांग."

"तू म्हणालास, माइल्स, की गाईच्या पोटी बिशप जन्मला, तरी ती दुपटं घेऊन गोठ्यात जाईल," जेनेट म्हणाली. हसायला आलं नाही कुणालाच.

माइल्सने मुलीकडे पाहिलं. टॅमर आईच्या तालमीतली. ती नाही म्हणेल असं त्याला वाटलं, आणि तिने नाही म्हणावं असंही वाटलं. टॅमर फडक्याकडे बघत होती.

"सांगा, बाबा," ती म्हणाली.

जेनेट आणि टॅमर त्या रात्री तिथेच राहिल्या. सोमवारी उजाडता एलिन खाली आली ती गाठोडं घेऊनच. डोक्याला रुमाल, पायात जाड मोजे. माइल्स चुलीपाशी होता. रात्रभर त्याने वाक्य जुळवलं होतं आणि दर वेळी ते जरा जास्तच चांगलं जुळत होतं.

"वाळू कधी मोकळी होते आज?" तिने विचारलं.

"आज नाही होत. केंट नदीने पात्र बदललंय. वाटाड्या म्हणतो, उद्या."

खिडकी तिच्यापासून दोन पावलांवर होती. टेकडीच्या टोकाला गेलं तर खाडीही दिसते. ती हलली नाही. नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाली, "बरं." मग गाठोडं खाली ठेवून तिने रुमालाची गाठ सोडायला घेतली. मध्येच तिचा हात थांबला. "पण तिकडे कळवायला हवं, माइल्स. तुरुंगाचा अधिकारी वाट बघेल. आणि अँथनी."

हे वाक्य त्याने जुळवलेलं नव्हतं. "किटने पहाटेच माणूस धाडलाय घोड्यावर. वळशाने जाईल, पण रात्रीपर्यंत पोचेल."

"किटने?" तिचा चेहरा उजळला. "बघ. मी त्याला किती लागट बोलते." आणि मग ती खुर्चीत बसली, डोळे मिटले, आणि हळूच म्हणाली, "मी मागितलं नव्हतं. तरी एक दिवस दिलास."

ती त्याच्याशी बोलत नव्हती. माइल्स पाण्याची बादली घेऊन बाहेर गेला आणि विहिरीपाशी रिकामीच धरून उभा राहिला.

तो दिवस मात्र फार चांगला गेला, हे लपवण्यात अर्थ नाही. तीन वर्षं ज्या दिवसाची त्याने वाट पाहिली तो अगदी असाच होता. एलिनने ओटचं पीठ भिजवलं आणि डाव्या हाताने भाकऱ्या थापायला बसली. हेस्टर आधी दारातून बघत होती, मग टेबलाच्या कडेपाशी आली, मग एक गोळा मागून घेतला. तिची भाकरी नकाशासारखी झाली. एलिनने तीच स्वतःसाठी ठेवून घेतली आणि करपलेल्या कडांसकट खाल्ली. दुपारी दोघी गोठ्यात जाऊन आल्या. संध्याकाळी हेस्टर तिच्या मांडीवर झोपली. झोपताना तिने विचारलं, "तू माझीच आई आहेस की टॅमरची?" एलिन म्हणाली, "दोघींची." मुलीला ते पटलं.

एलिन मुलीला घेऊन वर गेल्यावर माइल्सने बाकीच्यांकडे पाहिलं. दिवस त्याने एकट्याने आणला नव्हता. निदान आनंद तरी वाटून घ्यायला कुणी असेल असं त्याला वाटलं होतं.

जेनेटने शाल अंगाभोवती घेतली. "मी म्हटलं खरं, माइल्स. पण तू करशील असं नव्हतं वाटलं."

"म्हणजे? तूच तर काल..."

"म्हणणं वेगळं, करणं वेगळं. सकाळी दारामागे उभी होते मी. किती सहज बोललास रे तू."

संध्याकाळी डोकावायला आलेला किट घोड्यावर खोगीर चढवत होता. उद्या ताप आहे म्हणून झोपवून ठेव, परवा पुन्हा नदी, असे बेत सांगत होता. सांगता सांगता तो म्हणाला, "माझं नाव कशाला घेतलंस मध्ये? मघाशी तिने माझे हात धरून आभार मानले. त्या हाताने." आणि मग तोही भावाकडे न बघताच गेला.

राहिली टॅमर. ती नवऱ्याच्या घरी निघाली होती, माइल्स तिला फाटकापर्यंत सोडायला गेला.

"मी हो म्हटलं, बाबा. चूक माझीही आहे. मी ती नाकारत नाही."

"मग?"

"दिवसभर आईने माझ्याकडे बघितलं की मी खाली बघत होते. तुम्ही नव्हता बघत खाली." एवढं बोलून ती गेली. तिला बापाला दुखवायचं नव्हतं. ती फक्त जे दिसलं ते सांगत होती, तशीच तिला वाढवली होती.

मंगळवारी माइल्स उठला तेव्हा शेजारची जागा रिकामी होती. तो किनाऱ्याकडे धावला. एलिन गाठोडं घेऊन वाटाड्याच्या झोपडीपाशी उभी होती आणि वाटाड्या घोड्याचा पट्टा आवळत होता. समोर मैलोन् मैल ओली वाळू, वर मार्चचं पांढरं आभाळ.

"एलिनबाई, काल कुठे राहिलात?" वाटाड्या मोठ्याने म्हणत होता. "अधिकारी म्हणाला होता सोमवारी येतील, म्हणून घोड्याच्या गुडघ्याला पाणी लागेपर्यंत थांबलो मी."

"काल वाट होती?" एलिनने विचारलं.

"म्हणजे काय! नेहमीसारखीच. शिंपल्या वेचणाऱ्या बाया जाऊन आल्या, दोन गाड्या गेल्या. वाट कुठे जातेय?"

एलिन वळली तेव्हा माइल्स दहा पावलांवर होता. ती रागावली असती तर त्याने ते मुकाट सोसलं असतं. तिच्या तोंडावर राग नव्हता. आपण घरात शिरावं आणि चूल भलत्याच कोपऱ्यात दिसावी, तशी ती त्याच्याकडे बघत होती.

"किटने माणूस धाडला होता?" तिने विचारलं.

"नाही."

"अँथनीचं तुला सांगितलं होतं मी."

"हो."

वारा तिच्या झग्यात शिरत होता. माइल्स म्हणाला, "एलिन, तुझं रक्त पडतंय. तू मरशील तिथे. मला तू हवी होतीस."

"ठाऊक आहे मला." ती जवळ आली आणि चांगल्या हाताने त्याच्या अंगरख्याचा गळा नीट केला, बाजाराला जाताना करायची तसा. "थंडीत उभा राहू नकोस."

मग ती वाटाड्यामागून वाळूवर उतरली. ती लहान लहान होत गेली आणि एकदाही वळली नाही. माइल्स भरतीचं पाणी येईपर्यंत तिथेच उभा होता.

ती मंगळवारी संध्याकाळी तुरुंगात पोचली. अधिकाऱ्याने काही न बोलता दार उघडलं आणि काही न बोलता लावलं. आदल्या रात्रीच न्यायाधीशाने त्याला फैलावर घेतलं होतं. आता शब्दावर कुणालाही सोडायचं नाही असा हुकूम होता. अँथनी गार्नेटची बायको गुरुवारी गेली. त्याला रविवारी कळलं. बाजारात दवंडी पिटली गेली की क्वेकरांचं हो म्हणजे काय ते बघा, आणि लोक आठ दिवसांत काही विसरले नाहीत.

महिन्याभराने क्वेकरांच्या सभेत एक कागद वाचला गेला. मित्रांच्यात अशी रीत आहे की ज्याच्या हातून चूक झाली त्याने ती स्वतः लिहून द्यायची, म्हणजे तिचा डाग सगळ्यांवर पडत नाही. कागद एलिनचा होता. 'मी सोमवारी परत येईन असं म्हणाले आणि मंगळवारी आले. वाट मोकळी होती. मी स्वतः पाहिली नाही. हा दोष माझा आहे.' खाली सही. कारण नाही, कुणाचं नाव नाही.

 माइल्स कोठारातल्या शेवटच्या बाकावरून उठला. तो सभेत कधीच बोलला नव्हता.

"ती खोटं बोलली नाही," तो म्हणाला. "वाट बंद आहे असं तिला मी सांगितलं. तिने माझ्यावर विश्वास ठेवला, एवढाच तिचा दोष."

कुणी वळून पाहिलं नाही. बाहेर गाय हंबरली. थोड्या वेळाने दोन वडीलधाऱ्यांनी एकमेकांचे हात हातात घेतले, सभा संपल्याची ती खूण, आणि लोक उठले. टॅमर त्याच्यापाशी आली आणि त्याचं कोपर धरून त्याला बाहेर घेऊन गेली. खूप दिवसांनी कुणीतरी त्याला हात लावला होता.

मे महिन्यात तुरुंगातली साथ ओसरली आणि भेटी सुरू झाल्या. माइल्स आणि टॅमर भाकऱ्या, चीज आणि लोकरीचे मोजे घेऊन गेले. एलिन गजांपाशी आली. ती वाळली होती, पण उभी होती, आणि नवऱ्याला बघून हसली ती मनापासून. सभेत तो बोलला ते तिला कळलं होतं.

"तुला ते फार जड गेलं असेल," ती म्हणाली आणि गजांतून त्याची बोटं धरली.

 तीन वर्षांत झालं नव्हतं इतकं बोलणं त्या पावतासात झालं. गाईंचं, किटचं, छपराचं. किट दर रविवारी चर्चनंतर येतो आणि छपराची कामं करून जातो, हे ऐकून ती खूप हसली.

"आणि हेस्टर? निरोप आला होता की खोकतेय."

"बरी आहे आता," माइल्स म्हणाला. "खोकला गेला तिचा. दंगा घालते दिवसभर."

एलिनने मान डोलावली. भाकऱ्यांचं फडकं आत ओढून घेतलं. मग मीठ मागावं इतक्या साध्या आवाजात ती मुलीकडे वळून म्हणाली, "टॅमर, हेस्टरचा खोकला गेला का गं?"

"गेला, आई."

तेव्हा कुठे एलिनच्या चेहऱ्यावरची काळजी उतरली.